निंबाच्या राखणदारणी

“चावत न्हाईत हो. बिनघोर जावा पुढं. आईच्या राखणदारणी हायत त्या, भक्ताला हात लावत न्हाईत.”

मी गेटापाशी स्कूटीची चावी शोधत उभी होते. चावी माझ्या हातातच होती, पण काहीतरी शोधत असलेल्या माणसाशी लोक सहसा बोलायला येत नाहीत, हे मला शाळेपासून माहीत आहे. पाठीमागे कंडक्टरकाका एका नव्या बाईंना कडुनिंबाकडे नेत होते. काका एसटीतून निवृत्त झालेत, पण त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. बाई बिचकत पुढे सरकल्या. बुंध्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्या बसल्या होत्या. काकांनी त्यांच्यात खुशाल हात ठेवला. एक त्यांच्या बोटावर चढली, नखापर्यंत चालत गेली आणि उडाली.

“बघितलं?” काका म्हणाले.

बाईंनी हात जोडले. मी चावी सापडल्यासारखं केलं आणि निघाले. त्या काकांना चावत नव्हत्या, कारण चावायला त्या माश्यांकडे काही नव्हतंच. ही गोष्ट अख्ख्या गल्लीत फक्त मला माहीत होती, आणि मी गल्लीत कुणाशी बोलत नसे.

झालं असं, की उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबातून दूध यायला लागलं. दूध म्हणजे पांढरा, फेसाळ रस, वासाला आंबूस आणि चवीला गोड. झाडांना असं होतं कधी कधी. आतून दुखलं की ती पाझरतात. पण कडुनिंबातून गोड रस म्हटल्यावर पुढचं काही कुणाला ठरवावं लागलं नाही. सकाळी समोरच्या विणकर घरातल्या अक्कांनी हळदीकुंकू वाहिलं. दुपारपर्यंत बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आला. शुक्रवारी लाल कापड आणि हिरव्या बांगड्या आल्या, आणि मंगळवारी कंडक्टरकाकांची प्लास्टिकची खुर्ची आली. खुर्ची आली की देवस्थान झालंच.

रसावर गांधीलमाश्या आल्या तेव्हा पहिल्या दिवशी लोक पळाले होते. काका पळाले नाहीत. त्यांचं म्हणणं, ते अंघोळ करून नारळ घेऊन आले होते म्हणून. अक्कांचं म्हणणं, त्यांना त्या दिसल्याच नाहीत म्हणून. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशन ‘थंडीत बघू’ असं दर थंडीत ठरतं. कसं का असेना, माशी हातावर बसली, चावली नाही, आणि काकांना नवी ड्युटी लागली.

गंमत म्हणजे काकांना स्वतःच्या नजरेचा फार अभिमान. “खोटा पास मला लांबनं कळायचा,” ते खुर्चीत बसून सांगत. रंगीत झेरॉक्स काढून केलेले पास, वारलेल्या आजोबांच्या सवलतीच्या कार्डावर फिरणारे नातू, सगळे त्यांनी धरले होते. “डोळ्यात डोळे घालून पास दावला की समजायचं, खोटा हाय. खरा पासवाला खिडकीभाईर बघतो.” मी नेहमीच खिडकीबाहेर बघत असल्यामुळे काकांचं माझ्याबद्दल मत चांगलं होतं.

माझी आणि त्या माश्यांची ओळख तीर्थाच्या वाटीत झाली. आईने एका संध्याकाळी झाडाचं दूध घरी आणलं आणि माझ्यापुढे धरलं.

“डोळे मिटून पी.”

डोळे मिटणं शक्य नव्हतं, कारण वाटीत एक गांधीलमाशी तरंगत होती.

“ती काढ आणि पी,” आई म्हणाली. आमच्या घरी कुठल्याही शंकेचं समाधान एवढ्यातच होतं.

मी ती चमच्याने काढली आणि सवयीने खिडकीशी नेऊन तिचे पंख मोजले. मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते, आणि आमच्यात आधी पंख मोजतात. गांधीलमाशीला चार पंख असतात. हिला दोनच होते. दोन पंख म्हणजे घरमाशीच्या गोतावळ्यातली. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी होत्या, उडताना तोल सांभाळायच्या. नांगी नाही. बाकी सगळं सोंग. गांधीलमाशीच्या मिशा लांब असतात आणि माशीच्या आखूड. म्हणून हिच्या कपाळावर एक दांडा उगवला होता आणि मिशा त्या दांड्यावर बसवल्या होत्या, म्हणजे लांबून लांब दिसाव्यात. कंबर खरी किती बारीक होती कोण जाणे, पण दोन्ही बाजूंना फिकट ठिपके होते, त्यामुळे ती बारीक भासत होती. गावात बहुरूपी पोलिसाचा ड्रेस घालून येतो आणि पिपाणी वाजवून सगळ्यांना दटावतो, तसला प्रकार. फरक एवढाच, की बहुरूप्याला सगळे ओळखतात आणि पाच-दहा रुपये देतात. हिला कुणी ओळखलं नव्हतं आणि लोक हिची ओटी भरत होते.

“आई,” मी म्हणाले, “ही गांधीलमाशी नाहीये. ही माशी आहे.”

“मग मी काय म्हणाले? माशीच की.”

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. तिथे या दोघींची पानं वेगळी होती. मराठीत त्या एकाच घरात राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी पुढे काही समजावलं नाही. रस पण प्यायले नाही. रिकामी वाटी परत न आल्यामुळे आईने ओळखलं आणि म्हणाली, “तीर्थ प्यायली असतीस तर निदान तोंड उघडलं असतं तुझं.”

फोटो काढून मी माझ्या गाईड मॅडमना पाठवले. मॅडम एरवी दोन दिवसांनी उत्तर देतात. या वेळी त्यांचा लगेच फोन आला, आणि मी उचलेपर्यंत दुसऱ्यांदा आला.

“कुठे मिळाली?”

“घरी, मॅडम.”

“घरी? मी या गटातली माशी आयुष्यात जिवंत पाहिलेली नाही आणि तुला ती घरी मिळते? आणि ही अशी सुजलेली का आहे?”

“दुधात पडली होती.”

“कसल्या दुधात?”

“झाडाच्या.”

मॅडमनी झाडाचा नाद सोडला. मग त्यांनी कामाचं सांगितलं. माशीची प्रजाती ठरवायची होती. प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी, माणसाच्या आडनावासारखी. आपल्याकडेही कुणी भेटलं की नावाआधी आडनावच विचारतात. आमच्या शास्त्रातही आडनाव लागल्याशिवाय पुढे कुणी बोलत नाही. त्यासाठी किल्ली म्हणून एक प्रश्नावली असते. कपाळावरचा दांडा लांब की आखूड? लांब असेल तर या वाटेने जा, आखूड असेल तर त्या. कंबर खरंच आवळलेली की नुसती रंगवलेली? असं करत करत शेवटच्या दारापर्यंत जायचं. माझी माशी शेवटच्या दोन दारांपर्यंत नीट गेली आणि तिथे अडली, कारण दुधात भिजून तिची कंबर फुगली होती आणि एक मिशी माझ्या चमच्याला चिकटून राहिली असावी.

“शिवाय ही मादी आहे,” मॅडम म्हणाल्या. “नर हवा. नराशिवाय मी या प्रकरणावर सही करणार नाही, आणि तूही काही लिहायचं नाहीस. एक नर आण. धड. आणि कोरडा.”

नर ओळखणं सोपं होतं. मादीच्या दोन डोळ्यांमध्ये कपाळाची पट्टी असते. नराचे डोळे इतके मोठे, की कपाळावर एकमेकांना जाऊन भिडतात. बिचाऱ्याला दुसरं काम नसतं. बायका रसावर अंडी घालायला येतात आणि तो वरच्या बाजूला बसून बघत राहतो. मिळवणंही सोपं होतं. झाड घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. फक्त झाडापाशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काका बसलेले असत, आणि देवीच्या राखणदारणीला बाटलीत घालून मारणारी मुलगी त्यांना चालेल असं मला वाटत नव्हतं.

लागणार होतं ते एकच वाक्य: काका, यातली एक मला घेऊ द्या. मी ते दात घासताना म्हणून बघितलं. ‘प्लीज’ लावलं तर शाळेतल्यासारखं वाटायचं, नाही लावलं तर दरडावल्यासारखं. ‘संशोधनासाठी’ म्हटलं की मी टीव्हीवर आल्यासारखी वाटे. आरशापुढे वाक्य चांगलं जमायचं. झाडापाशी गेलं की काका म्हणायचे, “ये पोरी,” आणि वाक्य घरी परत गेलेलं असायचं.

म्हणून मी न विचारता घ्यायचं ठरवलं. कापडी पिशवीत घडीची जाळी घालून गेले, तर अक्कांनी पिशवीत डोकावून विचारलं, “एमी हे? पुरनाची चाळन काय गं?” मी मान डोलावली. अक्का तेलुगूतून मराठीत येताना मधल्या स्टेशनावर जरा थांबतात, पण पोचतात बरोबर. त्यानंतर देवीला पुरणाचा नैवेद्य मी करणार अशी बातमी झाली आणि तो आईला करावा लागला.

मग ओढणीखाली एक छोटी बाटली धरून प्रदक्षिणा घालायची युक्ती सुचली. झाडाला गोल फिरणाऱ्या माणसाकडे कुणी लक्ष देत नाही. प्रत्येक फेरीत रसाच्या समोरून जायला मिळायचं आणि मी मान न वळवता डोळे शोधायचे: पट्टीचे, पट्टीचे, पट्टीचे. नर कायम हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. मग आणखी एक फेरी. मी रोज कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर फिरत राहिले. चपला बाहेर काढून, उन्हाने तापलेल्या फरशीवर, तोंडाने एक शब्द न काढता.

गल्लीत याचा एकच अर्थ होऊ शकत होता.

“नवस बोललीय काय गं पोरगी?” अक्कांनी आईला विचारलं. आईने मला विचारलं.

“कुणी आहे का?”

“कोण?”

“मनात.”

मनात एक होता, मोठ्या डोळ्यांचा, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी गप्प बसले. आमच्या घरी गप्प बसण्याचं भाषांतर नेहमी ‘हो’ असं होतं. त्या रात्री आईने माझ्या ताटात तूप जास्त वाढलं आणि शेजारच्या खोलीत मावशीला फोनवर सांगितलं, “अगं, निदान देवीशी तरी बोलते.”

काकांच्या लेखी तर मी फारच वर गेले. ते मला रांगेत पुढे घेत. तीर्थ आधी मला देत (मी ते ओंजळीतून कुंडीत सोडत असे; आमची तुळस त्या उन्हाळ्यात फार माजली). बडबड करणाऱ्या बायकांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, “त्या पोरीकडं बघा जरा. रोज येती, तोंडातनं शब्द न्हाई. भक्ती म्हंत्यात ती ही.” शाळेत, कॉलेजात, लग्नाकार्यात ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली, तिचं असं जाहीर कौतुक पहिल्यांदाच होत होतं. खोटं का बोला, मला बरंही वाटलं.

एप्रिल आला आणि रस आटायला लागला. आधी फेस गेला, मग धार गेली, मग लाल कापडाच्या कडेला नुसती ओल राहिली. माश्या कमी झाल्या. मॅडमचा दर सोमवारी मेसेज यायचा: ‘नर?’ एवढाच. मी ‘नाही’ लिहायचे. काकाही काळजीत होते. बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, “आई आटली की गं.” आम्ही दोघं त्या ओलीकडे बघत उभे राहिलो. त्यांना आई जाणार म्हणून वाईट वाटत होतं आणि मला नर जाणार म्हणून, पण लांबून बघणाऱ्याला आमचे चेहरे सारखेच दिसले असते.

शेवटी काकांनी जाहीर केलं, की येत्या मंगळवारी मोठी पूजा करून आईला निरोप द्यायचा. मंगळवारी सगळी गल्ली आली. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, त्यामुळे बायकांना सवड होती. कुणीतरी मोबाईल उभा धरून शूटिंग लावलं. माझी आई माझ्या मागेच, ठेवणीतल्या इरकलीत. मी सवयीने बाटली घेऊन आले होते.

आरती झाली, नारळ फुटला, आणि काका म्हणाले, “आता एक राखणदारीण ह्या पोरीच्या तळहातावर बसवतो मी. आजवर कुनाला दिली न्हाई. हिचा मान हाय. हात पुढं कर, पोरी.”

मी हात पुढे केला. मला समजलंच नाही क्षणभर, की जे वाक्य मला महिनाभर बोलता आलं नव्हतं ते न बोलताच पूर्ण होत होतं. मी बुंध्याकडे बघितलं. आणि तो तिथे होता. लाल कापडाच्या वर, खिळ्याला अडकवलेल्या हिरव्या बांगडीवर, हाताच्या टप्प्यात. डोळे कपाळावर भिडलेले. कंबर स्पष्ट. दोन्ही मिशा जागच्या जागी. धड आणि कोरडा.

काकांचा हात मात्र बांगडीकडे गेला नाही. तो खाली, ओलीकडे चालला होता. तिथे एकटी एक बसून पाणी पीत होती. तिला बघून मला पंख मोजायची गरज पडली नाही. लांब, वाकलेल्या मिशा, दांडा वगैरे काही नाही. पंख पाठीवर लांबट घडी घालून ठेवलेले. पोट श्वासागणिक आत-बाहेर, मागचं टोक खाली वळवलेलं. उन्हाळ्यात पाण्याला सगळेच येतात. जिचं सोंग इतके दिवस चाललं होतं ती मूळ मालकीण, खरी गांधीलमाशीही आली होती.

काकांची दोन बोटं चिमटीसारखी तिच्याकडे निघाली. उजव्या डोळ्याच्या बाजूने.

बोलले असते तर इतर माश्यांचंही बोलावं लागलं असतं. मग देवस्थान, खुर्ची, बांगडी, बांगडीवरचा तो, काही शिल्लक राहिलं असतं का, कोण जाणे. हे मी आता लिहिताना म्हणतेय. तेव्हा मी विचार वगैरे काही केला नाही.

“काका, ती नको!”

मी ओरडले होते. गल्लीने माझा आवाज पहिल्यांदा ऐकला. काकांचा हात थांबला, मोबाईल माझ्याकडे वळला आणि मागून अक्का म्हणाल्या, “अय्यो, बोलली गं! नवस पावला!” आईच्या डोळ्यांना पदर गेला.

“का गं?” काका म्हणाले. “भ्या वाटतं व्हय? आईची हाय, चावत न्हाई.”

“ती आईची नाही.”

“मग कुनाची?”

याचं उत्तर तिनेच दिलं. ती उठली, काकांच्या कानाजवळून भणभणत गेली, आणि त्या आवाजात असं काही होतं, की महिनाभर बिनघोर हात जोडणारी सगळी गल्ली एका दमात विजेच्या खांबापर्यंत मागे गेली. शूटिंगवाल्याने मोबाईल तसाच धरून पळ काढला. त्या व्हिडिओत पुढे नुसतं आकाश आहे. काका धपकन खुर्चीत बसले. ती त्यांच्या टोपीवरून एक फेरी मारून कुंपणापलीकडे गेली.

झाडापाशी आम्ही दोघंच राहिलो. बुंध्यावर राहिलेल्या राखणदारणी जागच्या हलल्याही नव्हत्या. काका त्यांच्याकडे बघत होते. एकदा उजवा डोळा मिटून, मग डावा मिटून. इतक्या जवळून, इतका वेळ त्यांनी त्यांच्याकडे बहुतेक कधीच बघितलं नसावं. मग खुर्चीतून माझ्याकडे वाकले आणि त्यांच्या त्या आवाजाला जमेल तेवढं हळू बोलले.

“खरं सांग. आन ह्या बाकीच्या?”

मी बांगडीकडे बघितलं.

“म्हंजी…” काकांनी टोपी काढली, परत घातली. “सगळे खोटे पास?”

खांबापाशी बायका कुजबुजत होत्या. काका माझ्या डोळ्यांकडे बघत होते, आणि मला बघायला तिथे खिडकी नव्हती. बांगडीवर तो अजून बसला होता, पुढचे पाय मिशांसारखे हलवत.

“हो, काका,” मी म्हणाले, “पास खोटेच आहेत. पण इतके सुबक, की आमच्या मॅडमनीसुद्धा कधी जिवंत पाहिले नव्हते. तो वरचा, बांगडीवर बसलाय ना, तेवढा एक मला धरून द्या.”